कॉर्न स्नेकची पिल्लं पहिला घास घेत नाहीयेत? आधी हे वाचा

जुलै संपत आला की मला मेसेज यायला लागतात. दादा, पिल्लं निघाली, आठवडा झाला, समोर पिंकी, म्हणजे उंदराचं केस न आलेलं पिल्लू, ठेवली तर ढुंकूनही बघत नाहीत, मरतील का हो? सोबत एक अंधुक फोटो, त्यात पेन्सिलीएवढं पिल्लू भल्यामोठ्या काचेच्या टाकीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं आणि मधोमध ती पिंकी पडलेली. बहुतेक वेळा फोटो बघूनच कळतं काय चुकतंय ते, पण दर वेळी प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू.

मी मूळचा सांगलीकडचा, आता ओहायोत असतो, गेली अकरा वर्षं कॉर्न स्नेक पाळतोय आणि त्यातली सात वर्षं घरी अंडी उबवतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-कॅरोलायनाकडचा बिनविषारी साप, आपल्या धामण आणि तस्करच्या गोतावळ्यातला, केशरी-लाल डागांचा, पोटावर रंगीत मक्याच्या दाण्यांसारखे काळे-पांढरे चौकोन. नवीन माणसाने पाळायला सगळ्यात सोपा साप म्हणतात आणि एकदा खायला लागला की तो आहेच सोपा, एखाद्या आठवड्यात तुम्ही विसरलात तरी तो काही बिघडत नाही. अवघड असतात ते पहिले दोन महिने.

आणि तुम्ही भारतात बसून हे वाचत असाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडचा कुठलाही देशी साप, मग तो धामण असो, दिवड असो की नानेटी, घरी पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अंगणात, विटांच्या ढिगात सापाची पिल्लं निघाली तर त्यांना काय खायला घालू हा प्रश्नच येत नाही, ती जन्मापासून स्वतःचं स्वतः बघतात. सर्पमित्राला बोलवा नाहीतर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे, त्यावर कळवा. परदेशी सापांसाठीही याच कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम आलेत, बऱ्याच प्रजातींना ते लागू होतात, बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) त्यातलाच, त्यामुळे कुणी गुपचूप विकतोय म्हणून घेऊ नका. खालचं सगळं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या घरच्या पैदाशीच्या सापांबद्दल आहे.

तर, पिल्लू खात नाही. सगळ्यात पहिला प्रश्न, त्याला भूक लागलीये का?

कॉर्न स्नेकची अंडी साधारण २८ अंशावर दोन महिन्यांत फुटतात. पिल्लाच्या नाकाडाच्या टोकावर एक बारीक दात असतो, त्याने ते आतून अंड्याचं कातडी कवच चिरतं आणि डोकं बाहेर काढून बसतं, कधी कधी एक दिवस, कधी दोन दिवस. इथे लोकांना धीर धरवत नाही आणि ते चिमट्याने ओढून बाहेर काढतात. प्लीज असं करू नका. त्या एक-दोन दिवसात पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, आणि तो बलक म्हणजेच त्याची पहिल्या काही आठवड्यांची शिदोरी. ओढून काढलंत तर बलकाची पिशवी बाहेर राहते, नाळ तुटते, आणि पिल्लू गेलंच म्हणून समजा.

म्हणजे निघालेलं पिल्लू उपाशी नसतं, भरल्या पोटाने आलेलं असतं. त्यानंतर साधारण ७ ते १० दिवसांनी ते पहिली कात टाकतं. त्याआधी दोन-तीन दिवस डोळे दुधाळ होतात, रंग फिका पडतो, मग डोळे परत साफ होतात आणि एका सकाळी डब्यात कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी कात पडलेली दिसते. ती कात पडेपर्यंत खायला द्यायचंच नाही. क्वचित एखादं खातं आधी, पण बाकीच्यांना उगाच त्रास. मला येणाऱ्या मेसेजपैकी निम्म्यांचं उत्तर इथेच संपतं, की बाबा कात टाकली का? नाही? मग थांब.

कात टाकली, तरी खात नाही. मग पिंकीकडे नाही, आधी डब्याकडे बघा.

हे मी जरा ताणून सांगणार आहे कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त न खाणारी पिल्लं नुसती जागा बदलल्यावर खायला लागतात. पिल्लू ५ ते ८ ग्रॅमचं असतं, लांबी वीतभर, फार तर फूटभर. जंगलात त्याला सगळेच खातात, पक्षी, मोठे साप, रॅकून, त्यामुळे त्याच्या अंगात एकच गोष्ट भिनलेली असते, लपून राहा. अशा जिवाला तुम्ही तीन फुटी काचेच्या टाकीत चारी बाजूंनी उजेडात ठेवलंत तर त्याला खाण्याचं सुचेलच कसं. बुटाच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा झाकणबंद डबा घ्या, बाजूंना सोल्डरिंग आयर्नने किंवा ड्रिलने हवेसाठी भोकं पाडा, पण ती पिल्लाच्या डोक्यापेक्षा बारीक हवीत नाहीतर सकाळी डबा रिकामा सापडेल. खाली पेपर टॉवेल. दोन लपायच्या जागा, एक उबेच्या बाजूला आणि एक थंड बाजूला, आणि त्या घट्ट हव्यात, पिल्लाच्या अंगाला सगळीकडून टेकतील अशा, टॉयलेट रोलचा अर्धा कापलेला पुठ्ठा यापेक्षा भारी काही नाही. वर थोडे चुरगळलेले टिश्यू टाका म्हणजे अख्खा डबा लपण्यासारखा होतो. पाण्याची छोटी वाटी. बस.

ऊब फार महत्त्वाची. डब्याच्या एका टोकाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी पातळ चटई, आणि ती थर्मोस्टॅटला जोडलेलीच हवी, थेट प्लगमध्ये नाही, पिल्लं भाजलेली मी बघितलीयेत. उबेच्या बाजूला २८ ते ३०, म्हणजे इथल्या भाषेत ८२ ते ८६ फॅरनहाइट, आणि थंड बाजूला २४ च्या आसपास. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं, ऊब नसेल तर भूक लागत नाही आणि खाल्लं तरी पोटात सडतं आणि मग ओकून टाकतं. थर्मामीटर डब्याच्या आत, तळाशी लावून बघा, थर्मोस्टॅटवर जो आकडा दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका.

प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा. भाऊबहीण आहेत, एकत्र बरी राहतील, असं सापांत नसतं, एकत्र ठेवलेली पिल्लं एकमेकांच्या ताणाने खात नाहीत आणि दोघांनी एकच पिंकी दोन टोकांनी धरली तर एक दुसऱ्याला पण गिळायला लागतं.

असा डबा तयार करून पिल्लू आत सोडलं की पाच दिवस हात लावायचा नाही. पाणी बदलायचं तेवढंच. उचलून बघायचं नाही, फोटो नाही, मित्रांना दाखवणं नाही. हे सगळ्यात अवघड जातं लोकांना, मला माहितीये, नवीन पिल्लू आणि हात लावायचा नाही म्हणजे काय, पण हे पाच दिवस पुढचे पाच आठवडे वाचवतात.

आता पिंकी. पिंकी म्हणजे जन्मून एक-दोन दिवस झालेलं, अजून केस न आलेलं पांढऱ्या उंदराचं पिल्लू, इथे फ्रोझन पाकिटात मिळतं. कॉर्नच्या पिल्लासाठी सगळ्यात लहान साइज मागा, एक दिवसाची, दीड ग्रॅमच्या आतबाहेर. दुकानात कधी कधी चार-पाच दिवसांची जाडजूड पिल्लं पिंकी म्हणून देतात, ती यांच्या तोंडाला फार मोठी होतात. मापाचा अंदाज असा की पिंकीची जाडी पिल्लाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त. घरात शाकाहारी माणसं असतील तर हे सगळं स्वयंपाकाच्या फ्रीजमध्ये ठेवून भांडणं ओढवून घेऊ नका, गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर ठेवा, माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा मी पहिलं काम हेच केलं आणि तिला बरं वाटलं.

डीफ्रॉस्ट करायला पिंकी छोट्या झिप पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास, मग खाऊ घालायच्या आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्यात, हाताला आंघोळीच्या पाण्यासारखं लागेल एवढंच. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजते, बाहेर फुटते. बोटात धरून दाबून बघा, मधे गार गोळी लागली तर अजून थांबा. मग टिश्यूने कोरडी करा, ओल्या पिंकीला पेपर टॉवेलचे धागे चिकटतात.

पहिल्यांदा देताना चिमट्याने नाचवू नका. मोठे साप चिमट्यावरून झडप घालतात म्हणून लोकांना वाटतं पिल्लूही घालेल, पण पिल्लाला वरून येणारा हात म्हणजे पक्षी. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, लपायच्या जागेच्या तोंडाशी पिंकी ठेवा, डोकं आतल्या बाजूला करून, डबा बंद, दिवा बंद, आणि दार लावून झोपायला जा. मधेच टॉर्च मारून बघायचं नाही. सकाळी पिंकी नसेल आणि पिल्लाच्या अंगाच्या मधोमध फुगवटा असेल तर झालं तुमचं काम. नसेल खाल्ली तर पिंकी टाकून द्या, परत फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि पुढचे पाच दिवस शांत बसा. रोज रोज समोर ठेवणं ही नवीन माणसाची सगळ्यात कॉमन चूक. रोज डबा उघडला की रोज पिल्लू घाबरतं आणि त्याच्या डोक्यात पिंकीचा वास आणि भीती हे एकत्र बसतं.

एक वही करा. प्रत्येक डब्याला नंबर, आणि वहीत तारीख, वजन, काय दिलं, कसं दिलं, खाल्लं की नाही, कात कधी टाकली. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा इथे पंधरा-वीस डॉलरला मिळतो, तो घ्याच, कारण पिल्लू बारीक झालंय असं डोळ्यांना वाटणं आणि खरंच वजन उतरणं यात खूप फरक असतो आणि घाबरून घेतलेले निर्णय पिल्लाच्या जिवावर येतात. वजन आठवड्यातून एकदाच, रिकाम्या वाटीत, दहा सेकंदांत.

गेल्या वर्षी माझ्याकडे १४ अंडी होती, १३ फुटली. पहिल्या रात्री ९ पिल्लांनी खाल्लं, दुसऱ्या खेपेला आणखी दोघांनी. राहिली दोन, ४ नंबर आणि ७ नंबर. पुढचं सगळं अशा दोघांसाठी आहे.

पहिली युक्ती, जागा अजून लहान करा. झाकणाला भोकं पाडलेला दह्याचा छोटा डबा, आत टिश्यूचा एक तुकडा, पिल्लू आणि पिंकी, आणि तो डबा रात्रभर मोठ्या डब्याच्या उबेच्या बाजूला पण थेट मॅटवर नाही, थोडा आडोशाला. एवढ्याशा जागेत पिल्लू फिरताना सारखं पिंकीला धडकतं आणि शेवटी तोंड घालतं. ४ नंबरने इथेच खाल्लं.

दुसरी, पिंकी धुवा. बिनवासाच्या साबणाच्या एका थेंबाने हलक्या हाताने धुवायची, भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढायचा, मग गरम करून द्यायची. उंदराच्या बिळाचा, मुताचा वास जातो आणि काही पिल्लांना तेवढंच हवं असतं. काही जण पिंकी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून देतात, तेही कधी कधी चालतं.

तिसरी ऐकायला वाईट वाटेल पण चालते खूप. डीफ्रॉस्ट झालेल्या पिंकीच्या कवटीला सुईने भोक पाडून आतला थोडा द्रव नाकाडावर येऊ द्यायचा. मेलेलीच असते ती, तिला काही होत नाही, आणि त्या वासाने कितीतरी हट्टी पिल्लं पहिल्यांदा तोंड उघडतात. मी ही युक्ती धुतलेल्या पिंकीनंतर लगेच पुढच्या खेपेला वापरतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर खाल्लं तर कशामुळे खाल्लं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी तुम्ही परत शून्यावर.

आता चौथी, वासाची. ही माझ्या सगळ्यात जवळची आहे कारण इथे सापाच्या बाजूने विचार करावा लागतो. आपण धरून चालतो की साप म्हणजे उंदीर खाणारा. मोठा कॉर्न खातोच उंदीर. पण जंगलात निघालेलं वीतभर पिल्लू उंदराच्या बिळात शिरून काय करणार, तिथली आई त्यालाच फाडेल. ही पिल्लं तिकडे झाडांवर फिरणारे छोटे हिरवे सरडे खातात, ज्यांना अ‍ॅनोल म्हणतात, आणि झाडावरचे बारके बेडूक. म्हणजे तुमच्या हट्टी पिल्लाच्या दृष्टीने पिंकी हे अन्नच नाही. ते हट्टी नाहीये, त्याला कुणी सांगितलेलंच नाही की हे खायचं असतं. आणि साप बघून नाही ओळखत, वासाने ओळखतो, जीभ बाहेर काढून हवेतले कण उचलतो आणि टाळूवरच्या इंद्रियाला नेऊन लावतो, म्हणून पिंकीला सरड्याचा वास आला की त्याच्यासाठी तो सरडा.

कसं करायचं? ज्याच्याकडे पाळलेला अ‍ॅनोल असेल त्याच्याकडून त्याची टाकलेली कात मागून घ्या, नैसर्गिकरित्या मेलेला मिळाला तर तो फ्रीजरमध्ये ठेवा. धुतलेली पिंकी त्या सरड्याच्या अंगावर नीट घासायची, विशेषतः डोकं आणि नाकाड, किंवा कातेचा ओला तुकडा पिंकीच्या डोक्यावर चिकटवायचा. एक मेलेला अ‍ॅनोल फ्रीजरमधून काढून घासून परत ठेवला तर अख्खा सीझन पुरतो. जंगलातला किंवा भिंतीवरचा सरडा पकडून घासू नका, त्यांच्या अंगावर परजीवी असतात, मिळालाच असा तर निदान महिनाभर फ्रीजरमध्ये राहिलेला असू दे. अ‍ॅनोल नाहीच मिळाला तर पाण्यातल्या टूना माशाच्या डब्यातलं पाणी, मीठ नसलेलं, त्यात पिंकी बुडवून बघा, किंवा बिनमिठाचं बिनमसाल्याचं चिकन सूप. मसाला, कांदा, लसूण असलेलं काही नाही.

७ नंबरने टूना नाकारला, सूप नाकारलं, आणि अ‍ॅनोल घासलेल्या पिंकीला तीन सेकंदांत तोंड घातलं. निघाल्यापासून ४१ वा दिवस होता. मी दाराच्या फटीतून बघत होतो आणि खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं.

वासाने खायला लागलं की पुढच्या दोन-तीन जेवणांना तोच वास ठेवा, मग दर वेळी थोडा कमी, आधी पूर्ण पिंकी घासायची, मग फक्त डोकं, मग नुसतं नाकाड, मग काही नाही. घाईने एकदम बंद केलं तर परत उपास सुरू.

या टप्प्यावर घरचे आणि बाहेरचे सल्ले सुरू होतात त्याबद्दल बोलतो. मला व्हिडिओ कॉलवर मावशीने किती प्रेमाने सांगितलं होतं, अरे चमच्याने दूध पाज. लहानपणी नागपंचमीला आम्ही सगळ्यांनीच ते बघितलंय, गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीत तोंड बुडवतोय. तो तहानेने बुडवतो. त्याला कितीतरी दिवस पाणी दिलेलं नसतं म्हणून समोर जे ओलं येईल ते तो पितो, आणि सापाला दूध पचत नाही, त्यातले कितीतरी नाग नंतर मरतात. तर दूध नाही. अंड्याचा बलक नाही. कच्च्या चिकनचे तुकडे पण जेवण म्हणून नाहीत, सापाला अख्खा प्राणी लागतो, हाडासकट, आतड्यासकट, तेव्हाच कॅल्शियम आणि बाकीचं मिळतं. किडे, रातकिडे, गांडुळं यातलं कॉर्नचं पिल्लू काही खात नाही, गांडुळं खाणारे साप वेगळे.

जिवंत पिंकी द्यावी का? मला स्वतःला आवडत नाही आणि मी शक्यतो देत नाही, पण पाच-सहा खेपा नाकारल्या असतील आणि वजन उतरत असेल तर एकदा देऊन बघण्यात मला चूक वाटत नाही. एक दिवसाच्या पिंकीला दात नसतात, डोळे मिटलेले असतात, ती सापाला इजा करू शकत नाही, आणि तिची हालचाल आणि ऊब बघून काही पिल्लं पहिल्यांदा खातात. त्याहून मोठा जिवंत उंदीर मात्र कधीच नाही, आणि पिंकीही रात्रभर तशीच सोडून ठेवू नका, तासाभरात घेतली नाही तर बाहेर काढा. पुढचं जेवण लगेच फ्रोझनवर.

यानंतर चिडवून खायला घालणं. लांब चिमट्यात पिंकी धरायची, डोकं पुढे, आणि पिल्लाच्या शेपटीकडच्या भागावर, मग अंगाच्या बाजूला हलके हलके टेकवत राहायचं. ते वैतागून झडप घालतं. झडप घातली आणि तोंडात पिंकी राहिली की पुतळ्यासारखं थांबायचं, श्वास पण हळू. बरीच पिल्लं पाच-दहा सेकंद तशीच राहतात, मग त्यांना कळतं की तोंडात काहीतरी खाण्यासारखं आहे आणि जबडा चालायला लागतो. तुम्ही त्या वेळी हललात तर ते टाकून देणार. चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ करायचं नाही, पिल्लू डोकं अंगाखाली लपवायला लागलं की त्या दिवसापुरतं संपलं.

आणि सगळ्यात शेवटी हाताने भरवणं. हे मी कधी करतो तर पाठीचा कणा वर दिसायला लागला, बाजू आत गेल्या, जीभ कमी बाहेर येतेय, पिल्लू हातात सैल पडतंय, तेव्हा. नुसतं सहा आठवडे झाले म्हणून नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात डोक्याच्या मागे हलकं धरायचं, बाकीचं अंग तळहातात आधाराने, अगदी छोटी पिंकी किंवा पिंकीचं नुसतं डोकं पाण्यात ओलं करून त्याच्या ओठांच्या मधोमध हळूच दाबायचं, तोंड उघडलं की आत सरकवायचं पण घशात ढकलायचं नाही, फक्त मागच्या दातांना अडकेल एवढंच. मग तोंड हलकं मिटवून धरायचं, पिल्लू हळूच डब्यात ठेवायचं, हात अगदी सावकाश काढायचा आणि स्तब्ध. टाकून दिलं तर आणखी एकदा, फार तर दोनदा, मग बंद. पुढची खेप पाच-सहा दिवसांनी.

घशातून पोटापर्यंत ढकलणं, पंपाने भरवणं, हे डॉक्टरचं काम. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा आणि त्याच्यासमोर करा. मी हे का सांगतोय, तर माझ्या पहिल्या वर्षी एक पिल्लू तीन आठवडे खात नव्हतं. चांगलं होतं, वजन नीट होतं, नुसतं खात नव्हतं. मी घाबरलो आणि व्हिडिओ बघून जबरदस्तीने पिंकी आत ढकलली. दुसऱ्या दिवशी त्याने ती ओकली, मी परत ढकलली, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते गेलेलं होतं. ते भुकेने नाही गेलं, माझ्या हाताने गेलं. त्याच्याकडे अजून तीन आठवडे तरी सहज होते. तेव्हापासून वही आणि वजनकाटा.

उशिरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघालेली काही पिल्लं हिवाळ्याच्या चाहुलीने खाणंच थांबवतात, अशांना अनुभवी लोक महिना-दीड महिना १०-१२ अंशावर थंडीत झोपवतात आणि मग उबेत आणल्यावर ती खातात. चालतं हे, पण अंगात चांगलं वजन असलेल्या पिल्लालाच, आणि पहिल्यांदा करताना कुणी जाणकार सोबत हवा.

खाल्लं की काय करायचं? काहीच नाही. निदान दोन दिवस, मी तर तीन दिवस, उचलायचं नाही. पुढचं जेवण पाच ते सात दिवसांनी, त्याच साइजची एक पिंकी, पिल्लू हावरं दिसलं तरी दोन नाही. मधल्या दिवसांत शी झाली म्हणजे पचन नीट चाललंय. ओकलं तर घाबरून लगेच परत खायला घालू नका, पोट आतून सोललेलं असतं, १० ते १४ दिवस पूर्ण विश्रांती, ऊब तपासा, आणि मग आधीपेक्षा लहान तुकडा, अर्धी पिंकी चालेल. दोनदा ओकलं तर डॉक्टर.

हात प्रत्येक वेळी साबणाने धुवा, आधी आणि नंतर. आधी यासाठी की हाताला पिंकीचा वास असेल तर बोटच पिंकी समजलं जातं, आणि नंतर यासाठी की सापांच्या शीतून साल्मोनेला येतो, लहान मुलं असलेल्या घरात तर हे काटेकोर पाळाच. डबे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत.

दुसरे साप असतील तर थोडं वेगळं. बॉल पायथनचं पिल्लू ५०-६० ग्रॅमचं, चांगलं दणकट असतं, त्याला पिंकी नको, केस आलेलं, नुकते डोळे उघडलेलं उंदराचं पिल्लू लागतं. त्याच्या ओठांवर ऊब ओळखणारे खड्डे असतात, त्यामुळे देताना डोकं हेअर ड्रायरने अंगाहून गरम करा, आणि उबेची बाजू ३१-३२ ठेवा. ते कॉर्नपेक्षा जास्त दिवस उपाशी राहू शकतं, त्यामुळे धीर दुप्पट. हॉगनोज, म्हणजे वर वळलेल्या नाकाडाचा अमेरिकेतला साप, जंगलात भेक खातो म्हणून त्याच्या पिल्लांना टूना-सामन माशांचा वास बऱ्याचदा पटतो. किंग स्नेकची पिल्लं सरड्यांच्या आणि सापांच्याच वासाने खातात, आणि ती चुकूनही एका डब्यात नकोत, दुसऱ्या दिवशी एकच उरेल.

शेवटचं, जे पिल्लं देतात किंवा विकतात त्यांच्यासाठी. लागोपाठ तीन जेवणं, बिनवासाची, फ्रोझन पिंकी, स्वतःहून खाल्लेली, आणि एकही ओकलेलं नाही, एवढं झाल्याशिवाय पिल्लू घराबाहेर जाऊ देऊ नका, समोरचा कितीही मागे लागला तरी. आणि देताना वहीतल्या त्याच्या पानाचा फोटो सोबत द्या. नवीन घरात ते परत पाच-दहा दिवस खाणार नाही, ते नॉर्मल आहे, पण त्या माणसाला माहीत असायला हवं की हे पिल्लू दह्याच्या डब्यात खातं की लपायच्या जागेच्या तोंडाशी, धुतलेली पिंकी लागते की साधी. ७ नंबर डिसेंबरमध्ये नवीन घरी गेला, ११ ग्रॅमचा होऊन, त्याच्या पानावर मी लाल पेनाने लिहून दिलं होतं, खाल्लं नाही तर आधी अ‍ॅनोल.